काजलच्या गादीचा शेवटचा टाका

तळोदा
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शब्बीर,

टंग्... टंग् टंग् टंग्... धुम्.

आज पहाटे अर्धवट झोपेत तुझ्या अब्बांच्या पिंजणाची तांत ऐकू आली. उठून बसलो. पाहतो तर शेजाऱ्याची मोटारसायकल थंडीत चालू होत नव्हती, एवढंच. पण त्यानंतर डोळा लागला नाही. मी सरळ साठ वर्षं मागे जाऊन आमच्या खळ्यात बसलो.

आठवतं ना? दिवाळी सरली की अब्बा ती मोठी कमान खांद्यावर टाकून यायचे, मागे तू. घरच्या कापसाचा ढीग, त्यावर कमानीची ताणलेली तांत धरून ते लाकडी ठोकळ्याने ठोका द्यायचे आणि सगळं खळं तंतूंनी भरून जायचं. तुझ्या भुवया पांढऱ्या, माझ्या मिशा पांढऱ्या (तेव्हा नव्हत्या, तरी). दुसऱ्या दिवशी शाळेत कविता पाठ म्हणायची असायची, म्हणून आपण त्या ठेक्यावर घोकायचो. मी आयुष्यभर पोरांना कविता चालीवर म्हणायला शिकवल्या. पण मला ती चाल आपल्या गुरुजींनी दिली नाही, तुझ्या अब्बांच्या तांतीने दिली. हे मी कुठल्याच मुख्याध्यापकाला सांगितलं नाही. तुला सांगतो.

आता कामाचं. आमच्या काजलचं लग्न ठरलं. २६ एप्रिल. नातीची गादी तुझ्या हातची हवी, हे मी ती पाळण्यात असताना बोललो होतो. कापूस घरचा पाठवतो, अब्बांच्या वेळी पाठवायचो तसाच. पोरगा भूपेश आणि सूनबाई रूपाली दिवाळीला सुरतेहून आलेत, काजलही आहे. घर भरलंय. बावीस वर्षं भूपेश हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसतोय, पण एवढी लांब सुट्टी त्याला कधी मिळाली नव्हती. मालक चांगला असावा.

तुझी वहिनी कौसा म्हणते, "शब्बीरभाऊले सांगा, तब्येत देखा." तुझ्या कानांना फोन चालत नाही हे एका परीने बरं झालं. नाहीतर आपण पत्रं केव्हाच बंद केली असती.

तुझा,
भटू


नंदुरबार
१६ नोव्हेंबर

दोस्त भटू,

अक्षर मोठं आहे म्हणून हसू नको. मोतीबिंदू पिकलाय. मार्करने मोठं मोठं लिहिता येतं, पण तुझी मुंगीसारखी ओळ वाचता येत नाही. आतापर्यंत नात वाचायची. रिम्शा आता धुळ्याला नर्सिंगला गेली, हॉस्टेलवर. आता दुकानात जो असेल तो मोठ्याने वाचतो, मी कान पुढे करतो. तुझं हे पत्र बँकेच्या शिपायाने वाचलं. मिशांपाशी तो इतका हसला की मला वाटलं तू काही वाईट लिहिलंस.

काजलची गादी मीच करणार. घरवाली अकिला म्हणते, "भाईसाब को लिखो, रुई अच्छी भेजना, बच्ची की गादी है." पण अब्बांची रीत लक्षात ठेव. लेकीच्या गादीचा शेवटचा टाका ते कधी स्वतः घालत नसत. दोरा लोंबता ठेवायचे. तो टाका मुलीच्या बापाने घालायचा, स्वतःच्या अंगणात. तुझ्या बहिणीच्या गादीला तुझ्या वडिलांनी घातला होता, दाभण टोचून रक्त आलं होतं. तू रडला होतास, ते नव्हते रडले.

धंद्याचं काय सांगू. हात आखडला की माणूस पहिली टाळतो ती गादी. जुनी उलटून घेतो आणि त्यावर आणखी एक वर्ष झोपतो. त्यात कोणाची चूक काढायची? पोरगा वसीम आता सकाळी मिरचीच्या व्यापाऱ्याची पिकअप चालवतो. पिंजायच्या मशीनवर मी एकटाच.

सुरतेची बातमी लोक इथे बोलतात. बरी नाही. भूपेशची सुट्टी कधी संपते?

शब्बीर


तळोदा
२० डिसेंबर

प्रिय शब्बीर,

उत्तराला उशीर झाला. कापसाच्या दोन गोण्या सोमवारी वसीमच्या गाडीत दिल्या, पोचल्या असतील.

सुट्टी संपली नाही. आधी वीस दिवस होती, मग महिना झाला, मग मोबाईलवर निरोप आला की कळवू तेव्हा या. कोणी म्हणतं अमेरिकेने कर वाढवला, कोणी म्हणतं यंत्रातून निघणारे हिरे स्वस्त पडतात. मला त्यातलं कळत नाही. माझा हिऱ्याशी संबंध कवितेपुरता.

तुझ्यापाशी लपवत नाही, परवा माझ्या तोंडून काही निघून गेलं. भूपेश ओट्यावर बसून नुसता समोर बघत होता. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस सकाळी दहाला ओट्यावर बसलेला मला पाहवत नाही. मी म्हणालो, "तुलाच का थांबवलं? कुठेतरी कमी पडला असशील."

तो म्हणाला, "बाबा, मन्हं काय चुकनं? मालच येत नही. सगळासलेच थांबाडं."

मी म्हणालो, "मग तू सगळ्यांसारखा का राहिलास?"

तो ओट्यावरून उठून गेला. जेवलाही नाही. कौसा मला म्हणाली, "तुमनी शाळा आते तरी बंद करा." पण सांग, चौतीस वर्षं मी वर्गात हेच शिकवलं ना? गणित चुकलं की कुणाचं तरी चुकलेलं असतं. वही उघडली की सापडतं. ज्याचं त्याने शोधावं, सुधारावं, खाली बसावं. ज्याने मेहनत केली त्याला मी कधी गुण कमी दिले नाहीत.

काजलच्या सासरी अजून काही सांगितलेलं नाही. विचारलं तर सुट्टी आहे म्हणतो. खोटं नाही तेही.

भटू


नंदुरबार
४ जानेवारी २०२६

भटू,

कापूस पोचला. लांब धाग्याचा आहे, छान. पत्र रसवंतीवाल्याने वाचलं. ते ओट्याचं आलं तेव्हा त्याने आवाज बारीक केला. मी म्हणालो, "जोरसे पढ ना भाई." मग ते साऱ्या गल्लीने ऐकलं.

तू हुशार आहेस, मी सातवी पास. पण एक सांगतो. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मी तीच रुई घेतो, तोच धागा, तसेच हात. मग मी कुठे कमी पडलो? वही उघडून सांग.

पोराशी बोल. लवकर बोल.

शब्बीर


तळोदा
२५ जानेवारी

प्रिय शब्बीर,

आनंदाची बातमी! भूपेशला बोलावणं आलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पिशवी घेऊन गेला. रूपाली आणि काजल इथेच राहतील, लग्नापर्यंत. जाताना पाया पडला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. असो. बोलणं लागलं असेल, पण कामाला आलं.

काल फोन आला होता. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "घंटी चालू झाली वाटतं?" तो म्हणाला, "हो बाबा, चालू शे." बघ, मी म्हणत नव्हतो? नेटाने कामाला लागला की माणसाला जागा मिळते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं नाही, म्हणून ते वगळून पुढे जातो. परीक्षेत पोरं करतात तसं.

गादी सुरू केलीस का?

भटू


नंदुरबार
८ फेब्रुवारी

भटू,

तुझं पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं.

गादी सुरू केली. कापूस पिंजून झाला. दुकानात एक नवा कारागीर आलाय. पगार मी काय देणार, येईल त्या कामात अर्धं आणि अकिलाच्या हातची भाकरी. माणूस कसा आला, कुठून आला, ते त्याच्या तोंडून निघेल तेव्हा निघेल. मी शब्द दिलाय, विचारू नकोस. नोकरी गेली त्याची, एवढं सांगतो. मालकाने शिवी दिली नाही, उलट हात जोडले. मालकही रडत होता म्हणे. आता अशा मालकाशी भांडायचं तरी कसं?

पण त्याचा टाका! मला दिसत नाही, मी बोट फिरवून बघतो. ओळीत एक तांदूळ इकडेतिकडे नाही. आपल्या धंद्यात असा हात मी अब्बांनंतर पाहिला नाही. काजलची गादी त्याच्याकडेच दिलीय. तो नको म्हणत होता. मी दिली.

पत्रंही आता तोच वाचतो. चांगलं वाचतो रे. मोठ्याने, ठासून, जिथे थांबायचं तिथे थांबून. कुणा चांगल्या मास्तरच्या हाताखालून गेलेला दिसतो.

शब्बीर


तळोदा
२२ फेब्रुवारी

प्रिय शब्बीर,

तुझा कारागीर चांगलं वाचतो हे ऐकून बरं वाटलं. हल्ली पोरं वाचतात तेव्हा गाडी घाटात सोडल्यासारखी सोडून देतात. त्याचे गुरुजी कोण होते ते विचारून ठेव, कदाचित माझ्या ओळखीचे निघतील.

पण मित्र म्हणून एक सावधगिरीचा शब्द. तू पहिल्यापासून मऊ. ज्या माणसाची जमलेली नोकरी जाते, त्याच्यात कुठेतरी उणीव असतेच. मालक रडला वगैरे तो सांगतो, ते त्याच्या बाजूचं. आळस असेल, तोंड असेल, नाहीतर एखादं व्यसन. माझ्या भूपेशकडे बघ, बसला होता, पण टोचून बोललो तसा उठला आणि गेला. त्या माणसाच्या बापाने वेळीच चार शब्द सुनावले असते तर तो आज तुझ्या दारी आला नसता. हे त्यालाच वाचावं लागेल हे मला ठाऊक आहे. जाऊ दे. वाचू दे त्याला. त्याच्या भल्याचंच आहे.

कौसा हल्ली दर मंगळवारी नंदुरबारला जाणाऱ्या कोणा ना कोणाबरोबर भाकरी-ठेचा पाठवते. म्हणते, "अकिलाबाईले मन्हा हातना ठेचा आवडस." मिळतो ना?

भटू


नंदुरबार
१ एप्रिल

भटू,

आज शब्द मोडतोय. वर अल्ला बघेल, खाली तू बघ.

माझा कारागीर भूपेश आहे.

सुरतेहून बोलावणं आलं नव्हतं. तो तुझ्या घरातून निघाला आणि सुरतेची गाडी पकडायच्या आधी माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसला. म्हणाला, "काका, तिकडे जाऊन काय करू? इथे काही काम द्या. बाबांना सांगू नका." फोनवर तू जी घरघर ऐकलीस ती माझ्या पिंजायच्या मशीनची. दुपारी दुकानात एकटा असला की टाके घालता घालता तुझ्या शाळेतल्या कविता म्हणतो. मला ऐकू येत नाही, अकिला ऐकते आणि मला सांगते.

आणि ते फेब्रुवारीचं पत्र. तेही त्यानेच वाचलं, भटू. मोठ्याने. मी बहिरा, म्हणून त्याला मोठ्याने वाचावं लागलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. आळस, तोंड, व्यसन. त्याच्या बापाने चार शब्द. एक अक्षर गाळलं नाही त्याने. मला वाचता येत नाही, गाळलं असतं तरी मला कळलं नसतं. पण त्याने गाळलं नाही. तुझ्या हाताखालून गेलेला आहे ना.

वाचून झालं आणि घडी केली. म्हणाला, "बाबांचं अक्षर अजून सुंदर आहे."

मी महिना तुला लिहिलं नाही. राग होता. आता राग ठेवायला दिवस नाहीत. काजलच्या लग्नाला साडेतीन आठवडे. तो म्हणतो मी लग्नाला येत नाही. म्हणतो, "मांडवात पाहुणे विचारतील काय करतोस. बाबांना मान खाली घालावी लागेल. लग्न झाल्यावर जाईन." लेकीच्या लग्नात बाप नाही, आणि कारण काय तर हिरे विकले जात नाहीत!

गादी पूर्ण झाली. सगळे टाके त्याचे. शेवटचा राहिलाय, दोरा लोंबतोय. तो म्हणतो, तुम्हीच घाला काका. मी घालणार नाही. मी अब्बांचा मुलगा आहे.

हे पत्र पोस्टात मी स्वतः टाकतोय, अकिलाचा हात धरून. त्याला सांगितलं नाही. तुझं उत्तर येईल ते तोच वाचेल. काय लिहायचं ते बघ.

शब्बीर


तळोदा
१२ एप्रिल

प्रिय शब्बीर,

पाच कागद फाडले. हा सहावा.

तुझं पत्र मी कौसाला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का?" ती म्हणाली, "माले संक्रांतपशीन माहीत शे." रूपालीला ठाऊक. काजललाही ठाऊक. ठेचा अकिलावहिनींसाठी नव्हताच. या घरात एकट्या गुरुजींना काही माहीत नव्हतं, कारण गुरुजींना सांगायला सगळे घाबरत होते.

शब्बीर, आता थोडा वेळ तू नुसता ऐक. पुढचं वाचणाऱ्यासाठी आहे.

भूपेश, मोठ्याने वाच. काकांना ऐकू येत नाही.

तू चौथीत होतास, माझ्याच वर्गात. मी फळ्यावर एक गणित घातलं होतं, टाकीचं आणि दोन नळांचं. सगळ्या वर्गाचं उत्तर माझ्या मार्गदर्शिकेच्या मागच्या पानाशी जुळेना. मी अख्खा वर्ग बाकावर उभा केला. तू पहिल्या बाकावर होतास. म्हणालास, "गुरुजी, पुन्हा करून पाहतो." शाळेत तू मला गुरुजीच म्हणायचास. तू पुन्हा केलंस आणि तेच उत्तर आलं. मी म्हणालो, "तू गुरुजींचा मुलगा, तू तरी सगळ्यांसारखा चुकू नकोस." मधल्या सुट्टीपर्यंत उभा ठेवलं.

घरी येऊन मी ते गणित स्वतः सोडवलं. उत्तर तुझंच बरोबर होतं. सगळ्या वर्गाचं बरोबर होतं. पुस्तकात छापतानाच चूक झाली होती. पुस्तक कुठे छापलं, अक्षरांचे खिळे कोणी जुळवले, कोणाला माहीत. चाळीस पोरं उन्हाळ्यात बाकावर उभी राहिली आणि त्यांच्यातल्या एकाचीही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुढचा धडा घेतला. त्या गणिताबद्दल चकार शब्द काढला नाही. गुरुजींनी वर्गापुढे चुकलो म्हणायचं, हे तेव्हा मला जमलं नाही. ते गणित मी छत्तीस वर्षं कोणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही. विसरलोही नाही. आणि तरीही डिसेंबरात ओट्यावर तुला मी पुन्हा त्याच बाकावर उभं केलं. जवळपास त्याच शब्दांत.

तुझं उत्तर बरोबर होतं, भूपेश. तेव्हाही आणि आताही. माझ्याकडचं पुस्तक चुकीचं होतं.

काजलच्या सासरी मी काल स्वतः जाऊन आलो. सुट्टी वगैरे सांगितलं नाही. म्हणालो, माझ्या मुलाचं सुरतेचं काम मंदीत गेलं, आता तो नंदुरबारला गाद्या शिवतो. तिचे सासरे हिलालभाऊंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "गुरुजी, मन्हा मोठा पोऱ्या बी दोन महिनापशीन घर शे. आम्हीन तुमले सांगाले लाजी ऱ्हायनूत." मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. चहा फार गोड होता.

मांडवात कोणी मला विचारलं, मुलगा काय करतो, तर काय सांगायचं ते मी आरशासमोर म्हणून पाहिलंय. पाठ झालंय. तू फक्त...

थांब. बाहेर गाडी थांबली. खिडकीतून दिसतेय, वसीमची पिकअप, मिरच्यांच्या धुळीने लाल झालेली. कौसा ओट्यावरून ओरडतेय, "अवो, देखा ना कोन उना!"

शब्बीर, मी हे तुला लिहितोय आणि तू माझ्या दारात उभा आहेस. अकरा वर्षांनी. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि खांद्यावर अब्बांचं पिंजण. खुळा आहेस का? चौकटीला हात लावून तू उंबरा चाचपतोयस. तांतीला बोट लावलंस.

टंग्.

मागे गाडीतून कोणीतरी गादी डोक्यावर घेऊन उतरतंय. गादी मोठी आहे, चेहरा तिच्याखाली झाकला गेलाय. फक्त पाय दिसतात, ते अंगणाच्या कडेला येऊन थांबलेत. गादीच्या काठाला एक लांब दोरा लोंबतोय.

हे पत्र आता पोस्टात टाकायची गरज नाही. वाचणारा आलाय. पेन ठेवतो.

दाभण कौसाने सकाळीच काढून ठेवलंय.